अशेर यात्सार: संडासातून आल्यावरची ब्राखा नेमकी कधी आणि कशी म्हणायची

अशेर यात्सार ही आपण ज्यू लोक संडासातून आल्यावर म्हणतो ती ब्राखा, म्हणजे देवाला धन्य म्हणणारी छोटी प्रार्थना. तिच्याबद्दल तुमचे प्रश्न चार आहेत: नव्या फ्लॅटमध्ये कमोड आणि बेसिन एकाच खोलीत आहे तर ब्राखा कुठे म्हणायची, नुसत्या लघवीनंतरही म्हणायची का, जुलाब होत असताना काय करायचं, आणि विसरलो तर काय. आधी क्रम सांगते, म्हणजे निम्मी उत्तरं त्यातच मिळतील.

पूर्ण मोकळं व्हायचं, अंग स्वच्छ करायचं, कपडे नीट करायचे, हात धुवायचे, बाहेर येऊन दार लावायचं, हात पुसायचे आणि लगेच म्हणायचं. मध्ये फोन नाही, गप्पा नाहीत. घोटाळा होतो तो बहुतेक वेळा इथेच. हात पुसता पुसता कुणी हाक मारतं, आणि पाच मिनिटांनी आपण म्हटली की नाही हेच आठवत नाही. अशी शंका आली तर पुन्हा म्हणायची नाही, कारण ब्राखेच्या बाबतीत शंका असेल तेव्हा देवाचं नाव विनाकारण घेऊ नये, असा हालाखाचा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा, नियम आहे. शब्द मनातल्या मनात आठवायला हरकत नाही.

मजकूर आपल्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या ज्यू) घरांत चालणाऱ्या सफारदी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीप्रमाणे देते. इथे ‘हाशेम’ लिहिलंय, म्हणताना तिथे देवाचं नाव नेहमीच्या ब्राखेसारखंच घ्या:

बारुख अत्ता हाशेम, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर यात्सार एत हाआदाम बेखोख्मा, उवारा वो नेकावीम नेकावीम, हालूलीम हालूलीम. गालुय वेयादूआ लिफने खिस्से खेवोदेखा, शेइम यिस्सातेम एहाद मेहेम, ओ इम यिप्पातेआह एहाद मेहेम, ई एफशार लेहित्कायेम अफिलू शाआ एहात. बारुख अत्ता हाशेम, रोफे खोल बासार उमाफ्ली लाआसोत.

अर्थ असा: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्या. त्यातलं एक जरी बुजलं किंवा एक जरी (नको तिथे) उघडलं, तर घटकाभरही टिकणं शक्य नाही, हे तुझ्या वैभवाच्या सिंहासनापुढे उघड आहे. ‘हालूलीम’ या शब्दाच्या अक्षरांची बेरीज 124 होते. तो दोनदा येतो म्हणून 248, आणि परंपरेत माणसाच्या शरीराचे अवयवही 248 मोजले आहेत. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) सिद्दूरमध्ये, म्हणजे प्रार्थनापुस्तकात, ‘उघडलं’ आधी आणि ‘बुजलं’ नंतर येतं, शिवाय ‘तुझ्यासमोर उभं राहणं’ असेही शब्द असतात. दोन्ही पाठ बरोबर आहेत, आपल्या घरचा धरून चालावं.

शेवटच्या ओळीकडे मात्र थांबून पाहा. तालमुद या धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथाच्या बेराखोत भागात, पान 60ब वर, अबाये हा पंडित (पुढची नावंही तिथल्याच पंडितांची) ही ब्राखा सांगतो आणि लगेच समारोपावरून चर्चा सुरू होते. रावच्या मते ‘रोग्यांना बरं करणारा’ असं म्हणावं. श्मुएल म्हणतो, मग तुम्ही सगळ्या जगालाच आजारी ठरवलंत! त्याचा पर्याय ‘सर्व देहांना बरं करणारा’. राव शेशेत म्हणतो ‘अद्भुत कृती करणारा’. राव पापा निकाल देतो की हे शेवटचे दोन्ही म्हणावेत, आणि तेच आपण आजही म्हणतो. श्मुएलच्या आक्षेपामुळे ही ब्राखा फक्त रुग्णाची राहिली नाही, धडधाकट माणसाचीही झाली. ‘अद्भुत’ कशाला, याची अनेक उत्तरं आहेत. रेमा (पोलंडचे रब्बी मोशे इस्सेर्लेस) म्हणतात की अमूर्त आत्मा या जड देहाशी बांधून ठेवला आहे, हेच ते अद्भुत. मला हे उत्तर सगळ्यांत जवळचं वाटतं.

आता लघवी. हो, नुसत्या लघवीनंतरही म्हणायचीच. शुल्हान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ (ओराख हाइम भाग, प्रकरण 7) स्पष्ट सांगतो की याला किमान माप नाही, एक थेंब झाला तरी पुरे. कारणही तिथेच आहे: तेवढा थेंब अडकला असता तरी त्रासच झाला असता. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

बेसिन आत असेल तर हात आत धुवा, पण शक्यतो बाहेर येऊन पुसा. ब्राखा आत म्हणायची नाही, उंबऱ्यात उभं राहूनही नाही. दार बंद असेल तर बाहेर अडचण नाही. वास बाहेरपर्यंत येत असेल तर तो जिथे संपतो तिथून आणखी 4 अम्मा, म्हणजे सुमारे 2 मीटर पुढे जा. हे हात धुताना तांब्याने पाणी घालायची सक्ती नाही, नळाखाली धुतलेले चालतात. दोन्ही हात धुवा, आणि अनेक घरांत आलटून पालटून तीनदा धुतात. सवयीने ‘अल नेतिलात यादाइम’ (हात धुण्याची ब्राखा) तोंडातून निघतं ते टाळा. ती ब्राखा इथे नाही, लगेच प्रार्थनेला बसणार असाल तरीही नाही. प्रवासात पाणीच नसेल तर हात स्वच्छ कापडाने किंवा कागदाने पुसून अशेर यात्सार म्हणता येते.

संडासातून थेट जेवायला, म्हणजे भाकरी-पावाला, बसणार असाल तर दोनदा हात धुवा. पहिल्यांदा साधे नळाखाली, मग अशेर यात्सार. नंतर तांब्याने, आणि त्यावर ‘नेतिलात यादाइम’. दोन्ही एकत्र उरकले तर क्रम गोंधळतो. तसंच फळ खाऊन झालंय, नंतरची ब्राखा राहिली आहे आणि मध्येच संडासला जाऊन आलात, तर आधी अशेर यात्सार, कारण जी जास्त वेळा येते ती आधी.

जुलाबात प्रत्येक फेरीनंतर म्हणू नका. जुलाब होण्यासाठी औषध घेतलं असेल आणि पुन्हा जावं लागणार हे ठाऊक असेल, तर शेवटी, पोट मोकळं झालं असं वाटल्यावर एकदाच म्हणा. मिश्ना ब्रूरा या शुल्हान आरुखवरच्या भाष्यात असंच दिलं आहे. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्रीही हेच लागू.

विसरून दुसऱ्यांदा जाऊन आलात तर? शुल्हान आरुखच्या मूळ मजकुरात दोनदा म्हणा असं आहे, पण नंतरच्या बहुतेक पोसकीमनी (धर्मनियमांचा निवाडा देणाऱ्या रब्बींनी) एकदाच म्हणावी असं ठरवलं. तेच धरा. दुसऱ्यांदा गेलाच नाहीत आणि नुसता वेळ गेला, तर अर्ध्या तासाच्या आत म्हणावी. त्यानंतर काही पोसकीम 72 मिनिटांपर्यंत मुभा देतात. त्याही पुढे गेलं तर देवाचं नाव न घेता आभार माना.

कॅथेटर असलेल्यांना, सतत निचरा होत असेल तर, सकाळी एकदा दिवसभरासाठी म्हणायला सांगणारे पोसकीम आहेत. पण पिशवी, वास आणि कपडे यांचे वेगळे नियम लागतात, त्यामुळे रुग्णाची नेमकी स्थिती सांगून रब्बींना विचाराच.

ब्राखेचा छापील कागद लावणार असाल तर बाहेरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर लावा. त्यावर देवाचं नाव असतं, म्हणून तो संडासाच्या आत किंवा दाराच्या आतल्या बाजूला नको. 16व्या शतकातल्या ‘सेदेर हायोम’मध्ये असं म्हटलंय की ही ब्राखा जो लक्षपूर्वक म्हणतो त्याला आजार होत नाही. पुष्कळजण याच श्रद्धेने ती कागदावर पाहून, शब्द न् शब्द म्हणतात. सवय चांगलीच आहे, फक्त तिच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. मुलांना पॉटीची सवय लागली की शिकवायला घ्या, पहिले काही दिवस शेवटची ओळ तेवढी तुमच्यामागून म्हणू द्या.