‘झणझणीत’ दुबईला नेण्याआधी

प्रश्न : वकीलताई, आमची कांदा-लसूण चटणी दहा वर्षं ‘झणझणीत’ या नावानं विकतोय. गेल्या वर्षी क्लास ३० मध्ये, म्हणजे चटणी-मसाल्यांच्या गटात, ट्रेडमार्कचा अर्ज केला. परवा तपासणी अहवाल आला, कलम ९ ची हरकत आहे. इकडे भाचा दुबई आणि लंडनच्या दुकानांत माल ठेवतोय. माद्रिदचा एक अर्ज केला की नाव सगळीकडे आपलंच, असं तो म्हणतो. करू का? लोणचंही पाठवायचंय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, भाचा अर्धंच बरोबर सांगतोय. माद्रिद प्रोटोकॉल म्हणजे एकाच अर्जानं अनेक देशांत ट्रेडमार्क मागायचा आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात ८ जुलै २०१३ पासून आहे. ब्रिटन त्याआधीपासून आहे, अमिरातही २०२१ च्या डिसेंबरात आली. इथला अर्ज प्रलंबित असला तरी माद्रिद करता येतं. पण एक अर्ज म्हणजे एक फॉर्म, इतकंच. नाव द्यायचं की नाही हे प्रत्येक देश आपापल्या कायद्यानं ठरवतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. परदेशातली नोंद पहिली पाच वर्षं भारतातल्या मूळ अर्जाच्या जिवावर उभी असते. तो नामंजूर झाला की दुबई, लंडन सगळं एकदम पडतं. लोणच्याच्या धंद्यातल्या माझ्या एका पक्षकाराचं असंच झालं. तिसऱ्या वर्षी इथला अर्ज गेला आणि त्याबरोबर चार देश गेले. तीन महिन्यांच्या आत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून परदेशातल्या नोंदीची जुनी तारीख वाचवता येते, ती आम्ही धावपळ करून वाचवली. खर्च मात्र दुप्पट झाला. ‘थांबा’ असं मी त्यांना ठासून सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगते : थांबा.

‘झणझणीत’ हा चटणीचा गुणच झाला, म्हणून ही कलम ९ ची हरकत. लोक या नावानं तुमचीच चटणी ओळखतात, हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि तेही अर्जाच्या तारखेआधीचं. जुनी बिलं, पाकिटं, प्रदर्शनातल्या स्टॉलच्या पावत्या, पेपरातली जाहिरात, सगळं शोधा. माळ्यावरच्या वह्यासुद्धा.

लोणचं क्लास २९ मध्ये येतं. मूळ अर्जात नसलेला माल माद्रिदमध्ये घालता येत नाही, त्यामुळे त्याचा इथे वेगळा अर्ज आलाच. लेबलही मूळ अर्जातलंच हवं, भाच्यानं नवं करून घेतलेलं चालणार नाही.

आणि माद्रिद स्वस्तही नाही. नुसती मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, रंगीत लेबलला ९०३. वर प्रत्येक देशाची फी आणि इथल्या रजिस्ट्रीचे ५,००० रुपये. दोनच देश असतील तर माझं मत स्पष्ट आहे : तिथल्या एजंटामार्फत थेट अर्ज करा. इथल्या निकालानं ते पडत नाहीत. पाच-सहा देश झाले आणि इथली नोंदणी हातात आली, की मग माद्रिद.

तोवर आधी अहवाल कोणत्या तारखेला मिळाला ते बघा. उत्तराला एक महिना असतो आणि तो त्या दिवसापासून मोजतात.