वडिलांचं होमोसिस्टीन २८ आलंय, म्हणजे काय? डाळी बंद करायच्या का?

प्रश्न असा आहे: वडील ५८ वर्षांचे, पूर्ण शाकाहारी. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन २८ आलं आणि समोर 'हाय' छापलंय. हे अमिनो आम्ल आहे असं वाचलं, म्हणून प्रोटीन जास्त झालं की काय अशी शंका. घरात डाळी बंद करायचं चाललंय.

डाळी बंद करू नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. मी एका लॅबच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे आकड्याचा अर्थ सांगेन, औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

होमोसिस्टीन अमिनो आम्लच आहे, तुम्ही वाचलंत ते बरोबर. पण आपल्या जेवणातली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात, त्यांत ते नाही. त्यामुळे ताटातून ते येत नाही म्हटलं तरी चालेल. शरीर ते आतच तयार करतं, मेथिओनिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लापासून. मेथिओनिन स्वतःजवळचा मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, शरीरातल्या असंख्य कामांना देतं: डीएनएवर खुणा करणं, क्रिएटिन बनवणं, ॲड्रिनलिन बनवणं. तो गट देऊन झाल्यावर जे उरतं ते होमोसिस्टीन. नावातला 'होमो' एवढंच सांगतो की सिस्टीन या अमिनो आम्लापेक्षा याच्या साखळीत एक कार्बन जास्त आहे. १९३२ मध्ये व्हिन्सेंट डु व्हिन्यो या रसायनशास्त्रज्ञांनी मेथिओनिन तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवून ते पहिल्यांदा मिळवलं.

आता महत्त्वाचं. तयार झालेलं होमोसिस्टीन साठवायचं नसतं, त्याची लगेच वाट लावायची असते. एक वाट परत मेथिओनिनकडे जाते. त्यासाठी फोलेट (गोळीत तेच फॉलिक ॲसिड म्हणून असतं) आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. दुसरी सिस्टीनकडे जाते, तिला बी-६ लागतं. यातलं काही कमी पडलं की होमोसिस्टीन तुंबतं आणि रक्तात उतरतं. म्हणजे तुमच्या हातातला आकडा प्रोटीन किती खाल्लं हे सांगत नाही, ते पुढे सरकतंय की नाही हे सांगतो. शिवाय डाळींत मेथिओनिन तुलनेनं कमीच असतं आणि फोलेट चांगलं असतं. डाळ बंद केलीत तर नेमकी उपयोगाची गोष्ट जाईल.

शाकाहारी माणसात पहिला संशय बी-१२ वर. वनस्पतींत ते नसतंच. दूध-दही-ताकातून मिळतं, पण आपल्याकडे कपभर दूध चहातच संपतं. आणि हे तुमच्याच घरचं दुखणं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ च्या वर. शहरी मध्यमवर्गात बी-१२ ची कमतरता सगळ्यांत जास्त. वरणभात-पोळीभाजी खाणारा, परिस्थिती बरी असलेला वर्ग हा!

आकडा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असतो. साधारण ५ ते १५ ठीक, १५ ते ३० म्हणजे थोडं वाढलेलं. वडील तिथे आहेत. होमोसिस्टिन्युरिया नावाचा जन्मजात आजार असतो, त्यात आकडा बहुधा १०० च्या पुढे जातो. गूगलवर डोळ्यातलं भिंग सरकल्याचं वगैरे वाचून घाबरला असाल तर ते त्या आजाराचं आहे.

एक लॅबमधली गोष्ट, जी रिपोर्टवर छापलेली नसते. रक्त काढल्यावरही लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात. ट्यूब बर्फात ठेवायची किंवा तासाभराच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा (पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव) वेगळा करायचा, असा नियम आहे. घरी येऊन घेतलेलं सॅम्पल दुपारपर्यंत बॅगेतच फिरत राहिलं तर आकडा खोटा वाढतो. कुठे आणि कसं घेतलं होतं, हे आठवून पाहा.

हृदयाचं विचाराल, कारण पॅकेजमध्ये ही तपासणी बहुतेक 'कार्डियाक' रकान्यात घालतात. १९६९ मध्ये किल्मर मॅककली या अमेरिकी डॉक्टरांनी धमन्या कडक होण्याशी होमोसिस्टीनचा संबंध मांडला, आणि आकडा जास्त असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो हेही खरं. पण पुढे मोठ्या चाचण्यांत फॉलिक ॲसिड, बी-६, बी-१२ देऊन आकडा खाली आणला, तरी हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. त्यामुळे २८ पाहून अँजिओग्राफीच्या गप्पा नकोत. माझ्या मते ही तपासणी त्या रकान्यात ठेवून लोकांना उगाच घाबरवलं जातं. आपल्याकडे तिचा खरा उपयोग बी-१२ ची कमतरता पकडायला.

डॉक्टरांकडे जाताना सांगा: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत का (दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं), पायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का. बी-१२ सोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉइडही पाहिलं जाईल, कारण किडनी किंवा थायरॉइड मंदावलं तरी होमोसिस्टीन वाढतं. मेडिकलमधून नुसती फॉलिक ॲसिडची गोळी आणून सुरू करू नका. तिनं हिमोग्लोबिन सुधारतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान मागे चालूच राहतं. बी-१२ चं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर रक्त त्याच्या आधी द्या, नंतर दिलंत तर आकडा छान येईल आणि काही कळणार नाही. होमोसिस्टीन पुन्हा करायचं झालं तर उपाशीपोटी, आणि लॅबमध्येच जाऊन.