परदेशी मैदानाची वाट: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझा मुलगा मुंबईत क्लब क्रिकेट खेळतो, परंतु रणजी संघात वर्णी लागत नाही. त्याने अमेरिकेत जाऊन खेळण्याचा विचार करावा का?

उत्तर : जावे, परंतु केवळ क्रिकेटच्या भरवशावर जाऊ नये. सौरभ नेत्रावळकर 2010 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता, तरीही मुंबईकडून त्याच्या वाट्याला रणजीचा एकच सामना आला. 2015 मध्ये तो अमेरिकेला गेला तो कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी. पुढे ओरॅकल कंपनीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी क्रिकेट असा क्रम त्याने सांभाळला. 6 जून 2024 रोजी टी-20 विश्वचषकात अमेरिकेकडून खेळताना डॅलस येथे पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हरमध्ये (सामना बरोबरीत सुटल्यावरच्या निर्णायक षटकात) 19 धावांच्या लक्ष्याला त्याने 13 वरच रोखले आणि सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केले, तेव्हा हा गोलंदाज कोण, असा प्रश्न आपल्याकडे अनेकांना पडला. त्यामागे शिक्षण व नोकरीच्या आधारावर काढलेली नऊ वर्षे होती, हे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. अमेरिकेत 2023 पासून मेजर लीग क्रिकेट ही व्यावसायिक टी-20 स्पर्धा सुरू झाली असली, तरी त्यात संघ सहाच आणि तेथील पुष्कळशा जागा परदेशी नामवंतांनी भरलेल्या असतात. म्हणून पदवी व व्हिसा आधी, नेट्समधला सराव नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : अमेरिकेच्या संघाकडून खेळण्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व आवश्यक असते का?

उत्तर : नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमानुसार जन्म, नागरिकत्व किंवा लगतच्या तीन वर्षांचे वास्तव्य यांपैकी एक अट पूर्ण झाली तरी चालते. परंतु पात्रता म्हणजे निवड नव्हे. 2012 चा 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार उन्मुक्त चंद, ज्याने अंतिम सामन्यात नाबाद 111 धावा केल्या होत्या, 2021 मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्त होऊन अमेरिकेला गेला आणि वास्तव्याची अट पूर्ण करूनही 2024 च्या टी-20 विश्वचषकाच्या संघात त्याला स्थान मिळाले नाही. त्याच विजयी संघातला मुंबईचा डावखुरा फिरकीपटू हरमीत सिंग मात्र त्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला.

प्रश्न : भारतात खेळणे चालू ठेवून परदेशी टी-20 लीगमध्ये खेळता येते का?

उत्तर : पुरुष खेळाडूंना नाही. त्यासाठी आयपीएलसह संपूर्ण भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घ्यावी लागते आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे (बीसीसीआय) ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. मुंबईचा प्रवीण तांबे शारजातील टी-10 (दहा षटकांच्या) स्पर्धेत खेळला होता. डिसेंबर 2019 च्या आयपीएल लिलावात कोलकात्याच्या संघाने 20 लाख रुपयांना घेऊनही त्या कारणाने त्याला आयपीएलमध्ये उतरता आले नाही, आणि पुढे 2020 मध्ये तो वेस्ट इंडीजमधील कॅरेबियन लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा सौदा परवडतो. बाविसाव्या वर्षी निवृत्तीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे, तेथे मंडळाच्या परवानगीने जाता येते.

प्रश्न : हाच नियम मुलींनाही लागू आहे का?

उत्तर : नाही. मंडळाने 2016 मध्ये महिलांना परदेशी लीगची मुभा दिली, आणि सांगलीची स्मृती मानधना त्याच हंगामात ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीटकडून व 2018 मध्ये इंग्लंडमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून खेळली. तिला त्यासाठी निवृत्ती घ्यावी लागली नाही.