रीलमधले दोन सेकंद

मीडियात काम करणारी ख्रिस्ती मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा शब्द वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "हे काम माझ्या श्रद्धेला धरून आहे का? नसेल तर सोडून देऊ का?" अशाच एका मुलीची हकिकत तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मूळची नगरची. घर प्रोटेस्टंट, वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. पणजीतल्या एका छोट्या प्रॉडक्शन हाउसमध्ये ती एडिटर होती. जुलैतल्या धो धो पावसात ओलीचिंब होऊन आली आणि बसण्याआधीच म्हणाली, "ताई, मी उद्या राजीनामा देतेय. आईला कसं सांगायचं तेवढं सांगा."

तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. एडिटला बसलं की पोटात गोळा यायचा. प्रार्थनागटातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, हे क्षेत्रच आपलं नव्हे. कार्निव्हलच्या गाण्याचा व्हिडिओ, कॅसिनोची जाहिरात, हॉटेलांची रील्स, सगळं तिच्या मनात एकाच गाठोड्यात बांधलं गेलं होतं आणि गाठोड्यावर 'पाप' असं लिहिलं होतं.

मी ख्रिस्ती नाही, हे मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. पाप कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण राजीनामा मात्र मी थांबवायला सांगितला. मन इतकं खचलेलं असताना मोठा निर्णय घेऊ नये, असं आम्ही समुपदेशक नेहमीच सांगतो. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरांचे सोबती, इग्नेशियस लोयोला, यांनी सोळाव्या शतकात हेच सांगून ठेवलंय: मन उदास, कोरडं झालेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. "ते कॅथलिकांचे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण बरोबर आहे."

पुढच्या भेटीला तिला दोन महिन्यांतल्या कामांची यादी आणायला सांगितली. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहायच्या: यात काही खोटं आहे का, यात कुणाला इजा होते का, आणि हे करताना मी नेमकी कुणाला घाबरते. चौदा कामं निघाली. कार्निव्हलच्या गाण्यापुढे पहिल्या दोन रकान्यांत काहीच नव्हतं. तिसऱ्यात 'चर्चमधल्या काकू' एवढंच. ते वाचून तिची तीच गप्प झाली. कॅसिनोचं उत्तर सरळ होतं. मांडवी नदीतल्या त्या कॅसिनो-बोटींची जाहिरात तिला मनापासून करायची नव्हती, कारण मामाचं घर जुगारात बुडालेलं तिने पाहिलं होतं. पुढे तिने सरांना तसं सांगितलं, त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं, विषय संपला. माणसं कित्येकदा न विचारताच गृहीत धरतात की नकार दिला तर नोकरी जाईल.

झोप उडवणारं काम मात्र वेगळंच होतं. चाळीस सेकंदांचं रील, एका हॉटेलसाठी, सांजावचं.

सांजाव 24 जूनला असतो, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. मरिया अलिशिबेला भेटायला गेली तेव्हा अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. गावची माणसं डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतात ती या उडीची आठवण. पर्यटकाला यातलं पाणी आणि फेणी एवढंच दिसतं. रशेसमध्ये, म्हणजे एडिट न केलेल्या चित्रीकरणात, एक म्हातारे गृहस्थ होते. उडीआधी कठड्यावर उभं राहून त्यांनी कपाळ, छाती, खांद्यांवर हात नेत क्रुसाची खूण केली होती. बाहेर आल्यावर ते डोलत चालत होते, कारण एक पाय अधू होता. शूटच्या दिवशी त्यांनी एक थेंबही घेतला नव्हता. एडिटचा आदेश होता: खूण काढ, डोलणं ठेव, त्याखाली गमतीचं संगीत.

तिने ते केलं होतं. रील अजून बाहेर गेलं नव्हतं.

हे सांगून झाल्यावर ती स्वतःच पौलाच्या पत्राकडे वळली. करिंथच्या मंडळीत मूर्तींना दाखवलेलं मांस खावं की नाही यावरून वाद होता. पौलाने लिहिलं, खाण्यात तसं काही नाही, पण माझ्या खाण्याने दुबळ्या भावाला ठेच लागणार असेल तर मी खाणार नाही. मी विचारलं, "मग या रीलने ठेच कुणाला लागते?"

"त्या काकांना," ती म्हणाली आणि रडली.

इथे माझी एक चूक झाली. धीर द्यायला मी तिला आंजेलो द फोन्सेका यांच्याबद्दल सांगितलं. 1902 साली सांत इस्तेव्हला जन्मलेले हे चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले, त्यांनी मरियेला साडी नेसवली, गोव्यात टीका झाली आणि ते पुण्याला जाऊन ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. ती घाबरून म्हणाली, "म्हणजे मलाही गोवा सोडावा लागेल?" ज्या गोष्टीने मला बळ मिळतं तिने समोरच्यालाही मिळेल हे मी धरून चालले होते. पण पुढच्या रविवारी ती आपणहून पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चच्या संग्रहातली त्यांची चित्रं बघायला गेली. आल्यावर म्हणाली, "आमच्याकडे टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात. त्यालाही कुणी नावं ठेवलीच असतील."

सरांशी काय बोलायचं याचा आम्ही सराव केला, मी सर झाले. पहिल्या वेळी ती म्हणाली, "माझ्या धर्मात बसत नाही." मी सर म्हणून लगेच चिडले. चौथ्या वेळी वाक्य जमलं: "सर, हा माणूस प्यायलेला नाही, आपण त्याला प्यायलेला दाखवतोय. आणि उडीआधीचे हे दोन सेकंद ठेवले तर उडी का मारतात ते कळतं. मी दोन्ही कट आणलेत, बघा." वाक्य श्रद्धेतूनच आलं होतं, पण बोलत होतं ते एडिटच्या भाषेत. कामाच्या जागी श्रद्धेला बहुतेक वेळा अशीच वाट मिळते, असं मला वाटतं.

सरांनी दोन्ही कट पाहिले. हॉटेलवाल्यांना क्रुसाची खूण 'फार धार्मिक' वाटली, ती गेलीच. पण डोलणंही गेलं आणि रील उडीवर संपलं. ती यावर पूर्ण समाधानी नव्हती, आणि तिने समाधानी असावं असं मीही सुचवलं नाही. राजीनामा दिला नाही. झोप हळूहळू परतली.

शेवटच्या भेटीत तिने सांगितलं की स्वतःचा तो दोन सेकंदांचा कट मोबाइलवर घेऊन ती त्या गावी गेली होती. काकांनी चष्मा शोधून लावला, पूर्ण पाहिलं, काही बोलले नाहीत. मग फोन तिच्याकडे परत देत म्हणाले, "आनीक एक फावट लाय." अजून एकदा लाव.