मे महिन्याच्या सुट्टीत वाचायला हलक्या पण दमदार मराठी कादंबऱ्या आणि आत्मकथनं कोणती?

सुरुवात प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंग ढांग'ने करा. हिमालयात कड्याच्या पोटातून रस्ता काढणारा तरुण इंजिनिअर आणि लष्करी शिस्त यांची टक्कर. उन्हाळ्यात तिथली थंडीही बरी वाटते! व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आकाराने लहान, दोन दुपारींत होते. मात्र वेगवान कथानकाच्या अपेक्षेने घेतलीत तर कंटाळाल; तिची मजा माणसांत आणि माणदेशाच्या माळरानात आहे.

आत्मकथनांत गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' आधी घ्या. दक्षिणा मिळवायला कोकणातल्या वरसई गावाहून उत्तरेकडे निघालेला भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडतो आणि झाशीच्या वेढ्यात आत अडकतो. विकत घेताना संपादक कोण ते बघा. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या आवृत्तीत मूळ मजकुरावर बराच हात फिरवलेला आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ ची. भाषेची जुनी चव हवी असेल तर ती शोधा. पहिली पंधरा-वीस पानं अडखळायला होतं, मग जीभ सरावते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' संक्षिप्त रूपातही मिळतात, पण पूर्णच घ्या. प्रसंग सुटे सुटे असल्याने रोज थोडं वाचलं तरी चालतं, शिवाय मोठ्याने वाचायला झकास. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) अप्रतिम आहे, पण हलकं नाही; प्रवासात नको, निवांत घरी वाचा.