स्वीट कॉर्नचं बी किलोवर नाही, दाण्यावर मोजा

दादा, 20 गुंठ्यांत स्वीट कॉर्न टोकायचाय आणि एकरी आठच्या हिशोबानं चार किलो बी घ्यायला सांगितलंय, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. थांबा, एवढ्यात घेऊ नका. हाच आकडा मलाही मिळाला होता.

माझा एकर होता. एका कार्यालयात विचारायला गेलो, तिथे छापील तक्ता काढून "मका, एकरी आठ किलो" सांगितलं. स्वीट कॉर्न आहे म्हटलं तर उत्तर आलं, "मका तो मकाच." तो तक्ता धान्याच्या मक्याचा होता. त्या मक्याचा दाणा टपोरा, भरलेला. स्वीट कॉर्नचा दाणा वाळलेल्या मनुक्यासारखा सुरकुतलेला, आत पिठूळ भाग कमी, म्हणून हलका. पुढे मी सोनाराच्या काट्यावर 100 दाणे तोलले तेव्हा 12 ग्रॅम भरले. म्हणजे आठ किलोत 66 हजारांवर दाणे, आणि माझ्या एकरात जागा 26 हजारांची!

बी महाग, फुकट कसं घालवायचं म्हणून प्रत्येक खड्ड्यात दोन-दोन, तीन-तीन दाणे टाकले. खरी चूक त्याच्याही पुढची. उगवून आल्यावर विरळणी करायला मन होईना. इतक्या पैशाचं रोप उपटायचं कसं? ठेवलं तसंच. ताटं बारीक राहिली, कणसं वीतभरही नाहीत, शेंड्याकडे दाणे भरलेच नाहीत. व्यापाऱ्यानं निम्म्याहून जास्त माल बाजूला काढला, तो जनावरांपुढे गेला. तक्ता चुकीचा आहे हे सांगायला त्या कार्यालयात तीन हेलपाटे घातले. कोणी लिहूनही घेतलं नाही. पुढच्या हंगामात गावातल्या दुसऱ्या एकाला तोच आकडा मिळाला, याचा राग अजून जात नाही.

आता तुमचा हिशोब. गुंठ्यात 1089 चौरस फूट. दोन ओळींत अडीच फूट, दोन झाडांत आठ इंच धरलं तर गुंठ्याला साधारण 650 झाडं, 20 गुंठ्यांत 13 हजार. 100 दाणे 12 ग्रॅम भरत असतील तर 13 हजार दाण्यांचं वजन 1,560 ग्रॅम. पण सगळे उगवत नाहीत. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा, आठवड्यानं मोजा. 85 उगवले तर 1,560 ला 0.85 नं भागा, 1,835 ग्रॅम येतात. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला थोडं धरून दोन किलो. चार नाही. 60 च उगवले तर मात्र दाणे वाढवत बसू नका, ते बी परत करा. मागच्या वर्षीचं उरलेलं बी तर माझ्या मते घेऊच नये, या बियाची उगवण फार लवकर घटते.

वाण आणि जमीन बदलली की आकडे बदलतात, आणि मी काही कृषी पदवीधर नाही. अंतर पिशवीवर दिलंय तेच धरा, हिशोबाची रीत तेवढी माझी घ्या.

अजून एक, आणि मला हे बियाच्या वजनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. 20 गुंठे एकाच दिवशी टोकू नका. 13 हजार कणसं एकदम तयार होतील, आणि उन्हाळ्यात कणीस चार-पाच दिवसांत जून होतं. तुमचा व्यापारी आठवड्यात किती उचलतो ते आधी विचारा. तीन हजार म्हणाला तर पाच-पाच गुंठ्यांचे हप्ते करा. हप्ता चौकोनी तुकड्यात टोका, लांबच लांब दोन ओळींत नको, नाहीतर परागकण नीट पडत नाहीत. शेजारी मुरघासाचा, म्हणजे जनावरांच्या साठवणीच्या चाऱ्याचा, मका असेल तर दोघांचे तुरे एका वेळी येऊ देऊ नका, त्याचा पराग आला की आपला दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो. मी पेरणीत तीन आठवड्यांचा फरक ठेवतो.

बियाला औषध चोळलेलं असतं, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका. पिशवी, तिचं लेबल आणि बिल कणसं विकली जाईपर्यंत जपा.

आज संध्याकाळी 100 दाणे तोला आणि किती भरले ते इथे कळवा, मग आकडा पक्का करू.