मक्तबच्या वेळेला दुखणारं पोट

“मॅडम, शाळेला कधी दांडी नाही. पण मक्तबसाठी टोपी हातात दिली की पोट धरून बसतो.” रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातली आई. मक्तब म्हणजे मुलांना कुरआन वाचायला शिकवणारा वर्ग. मुलगा नऊ वर्षांचा. वडील आखातात, रोज रात्री फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, सबक (धडा) कुठवर आला? चुलतभाऊ कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, संपवून कुरआनच्या पाऱ्यांवर (भागांवर) गेलेला, याचा कायदाच सुरू. मोहल्ल्यात रमजानआधी किरअतची, म्हणजे कुरआन सुरात म्हणण्याची, स्पर्धा होती. तिचा प्रश्न होता: स्पर्धेत नाव घातलं तर कुरआनची गोडी लागेल का?

अशी पोटं माझ्याकडे बरीच येतात. कुणाचं मक्तबला दुखतं, कुणाचं गीतापठणाला.

मला आधी वाटलं, मूल थकतंय. मक्तबची वेळ बदलून बघा म्हटलं. आठवडाभरात पोट नव्या वेळेला दुखू लागलं!

मग मी त्यालाच कागद दिला, मला शिकव म्हटलं. त्याने होड्यांसारखी अरबी अक्षरं काढली. खाली एक नुक्ता (टिंब) तो बा, वर दोन तो ता, तीन तो सा. एकही चूक नाही. पुढे आपणच बोलला, “दोन क असतात.” एक साधा, एक पार घशाजवळून. ‘कल्ब’ घशातल्या कने म्हटलं तर काळीज, साध्या कने कुत्रा. मराठी शाळेतल्या जिभेला दोन्ही सारखेच. मक्तबमध्ये त्याने साधा क म्हटला आणि मागची मोठी मुलं भुंकली. घरी सांगितलं नव्हतं, कारण अम्मीला वाटेल आपण कुरआनाचा अपमान केला.

या मुलाला माइकसमोर उभं करायचं नाही, एवढं आईला स्पष्ट सांगितलं. तिच्या संमतीने आम्ही दोघी मौलानांना भेटलो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. ही मी मुलांना सांगायला हवी होती.” आईने ओढणीने डोळे पुसले.

रमजानमध्ये लहान मुलं अस्रच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर मशिदीत एका सुरात कुरआनातल्या छोट्या सूरह (अध्याय) इखलास, फलक, नास म्हणू लागली. घोळक्यात एकट्याचा क कुणाला ऐकू येतोय! मग सगळ्यांनी मिळून इफ्तारचे खजूर मांडायचे. भुंकणाऱ्यांपैकीच एकाला मौलानांनी याचा सबक ऐकायला बसवलं. मी या गोष्टीच्या विरोधात होते. माझा अंदाज चुकला. त्या थोरल्यालाही कधीकाळी हाच क छळत होता, हे मला कुठे ठाऊक?

वडिलांचा प्रश्न सुटायला वेळ लागला. आता ते “आज मला काय ऐकवतोस?” असं विचारतात, निदान आठवतं तेव्हा.

मे महिन्यात आई भेटली. कायदा अजून संपलेला नाही, चुलतभाऊ आणखी पुढे गेलाय.

“आणि पोट?”

“परवा दुखलं एकदा. पण मॅडम, अर्धा फणस एकट्याने खाल्ला होता.”